घरात पाहुणे उतरवणाऱ्या बेळगावकरांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

महापालिका, पोलीस आयुक्त आणि पर्यटन खातं यांना लिहायचं ते आपण नंतर लिहू, आणि तेव्हा सगळ्यांच्या सह्या घेऊन लिहू. आजचं पत्र आपल्याआपल्यातलं आहे. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटपासून नेहरूनगरपर्यंत, शहापूर-वडगावपासून कॅम्पाच्या कडेपर्यंत ज्यांच्या माडीवरच्या एक-दोन खोल्या रात्रीच्या भाड्यानं जातात, त्या सगळ्या घरमालकांना आणि मुख्यतः घरमालकिणींना मी हे लिहितेय. खोली मालकाच्या नावावर असली तरी चादरी कोण धुतं ते आपल्याला माहीत आहे.

आढेवेढे न घेता सांगते. होमस्टे म्हणून घराची नोंदणी करून घ्या. आमच्या घराची झालेली आहे, म्हणून हक्कानं सांगतेय. छापा पडेल, दंड बसेल ही भीती मी घालणार नाही, ती घालायला माणसं आहेत. माझं कारण वेगळं आहे. या शहरात आपल्यासारखी घरं किती आहेत हे आज कुठल्याच कागदावर नाही. जे कागदावर नाहीत त्यांना नियम करताना कुणी विचारत नाही. नियम मात्र येणार.

आपल्याकडे उतरतात कोण, ते आधी बघा. गोव्याला जाताना चोर्ला घाटाआधी एक मुक्काम करणारे हौशी लोक असतात, पण थोडे. बाकी सगळी कामाची माणसं. केएलईच्या इस्पितळात पेशंट ठेवून रात्री पाठ टेकायला जागा शोधणारे चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडीचे नातेवाईक. व्हीटीयू विद्यापीठात सर्टिफिकेटच्या कामाला आलेले पालक. इथं डॉक्टरकी शिकणाऱ्या मलेशियन मुलांचे आई-बाप, ज्यांना आपलं पोहे-उप्पीट चालतं आणि आपली मिरची चालत नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला निघालेली कोल्हापूरकडची कुटुंबं. लोकमान्यांनी 1905 साली झेंडा चौकात सुरू केलेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाची विसर्जन मिरवणूक बघायला येणारे माहेरवाशिणी आणि जावई. आणि मग डिसेंबर. सुवर्ण विधानसौध 2012 साली उभी राहिली, तिथं अधिवेशन भरलं की आमदार, अधिकारी, त्यांचे स्वीय सहायक, बंदोबस्ताचे पोलीस, मोर्चेकरी सगळे एकदमच गावात येतात. हॉटेलं भरतात, मंगल कार्यालयं भरतात, आणि नेहमी आपल्याकडे उतरणाऱ्या पेशंटच्या भावाला बसस्टँडवर झोपायची पाळी येते. दोन वर्षांत एकदा तरी हा फोन तुम्हाला आला असेलच.

यातली सगळ्यात वेगळी माणसं मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर पोराची कसम परेड, म्हणजे शपथेची परेड, बघायला येणारी. आमच्याकडे बार्शीकडचं एक जोडपं उतरलं होतं. जिन्याच्या तळाशी दोघांनी चपला काढल्या आणि हातात धरून माडीवर नेल्या. खाली ठेवल्या तर कुत्रं नेईल, म्हणाले. वडिलांचं आधार कार्ड लॅमिनेट केलेलं, त्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर. नोंदवहीत ‘येण्याचे कारण’ असा रकाना आहे, तिथं काय लिहू म्हणून विचारलं. मी म्हटलं, लिहा की, परेड. त्यांनी बराच वेळ घेऊन ‘मुलगा शिपाई झाला’ असं लिहिलं. पहाटे बाईंना अंघोळीला गरम पाणी हवं होतं आणि साडीला इस्त्री. दुपारी परत आल्या तेव्हा पदराला जवानांच्या आई-वडिलांना देतात ते गौरव पदक लावलेलं. जेवताना ते आमटीत जाईल म्हणून मी काढून ठेवा म्हटलं, तर काढलं नाही, पदरच मागे खोचला.

ही माणसं स्टेशनजवळच्या लॉजवर जात नाहीत असं नाही, जातात. पण त्यांना घर मिळालं तर घर हवं असतं. रात्री अकराला ‘इस्पितळाकडं रिक्षा कुठं मिळेल’ हे विचारायला खाली कुणीतरी जागं असावं लागतं. आपला सगळा धंदा म्हणजे हे खाली जागं असणं. खोल्या काय, सगळ्यांकडे असतात.

आता दुसऱ्या प्रकाराकडे येते. गेल्या काही वर्षांत अपार्टमेंटांमध्ये फ्लॅट घ्यायचा, दाराला नंबरचं कुलूप बसवायचं, फोटो काढून अ‍ॅपवर टाकायचे आणि मालकानं पुण्याला नाहीतर बेंगळूरला बसून व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर पाठवायचा, हा धंदा आपल्याकडेही सुरू झालाय. माझ्या ओळखीच्या एका आजींच्या समोरच असा फ्लॅट आहे. रात्री दीडला बेल वाजते. दारात चार पोरं, हातात बॅगा, ‘आंटी, पासवर्ड चालत नाही.’ आजी एकट्या राहतात. त्यांनी त्या मालकाला आजवर पाहिलेलं नाही. पाहुणे आठ आले की सोसायटीच्या टाकीतलं पाणी सकाळी नऊलाच संपतं. आपल्या गावात पाण्याचं काय आहे ते सांगायला नको. 2008 साली दहा वॉर्डांना चोवीस तास पाणी मिळालं आणि बाकीचे वॉर्ड आपली पाळी कधी म्हणून बघत राहिले. राकसकोप तलावाची पातळी उन्हाळ्यात खाली गेली की हिडकल धरणाच्या भरवशावर राहायचं आणि टँकरवाल्याचा नंबर हाताशी ठेवायचा. अशात न दिसणाऱ्या मालकाचे न दिसणारे पाहुणे शेजाऱ्यांच्या वाट्याचं पाणी वापरणार असतील तर ओरड होणारच.

तो धंदा करणाऱ्यांना मी चोर म्हणत नाही. त्यांनी कर्ज काढून फ्लॅट घेतलाय, हप्ता भरायचाय. पण तो धंदा वेगळा आणि आपला वेगळा. अडचण अशी की तक्रार झाली की दोघांना एकच नाव पडतं, ‘ते अनधिकृत होमस्टेवाले’. बातमीत तसं छापून येतं, वॉर्डाच्या बैठकीत तसं बोललं जातं.

मार्च 2025 मध्ये कोप्पळ जिल्ह्यात गंगावतीजवळच्या सणापूरला काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. एका इस्रायली पर्यटक बाईवर आणि होमस्टे चालवणाऱ्या बाईवर कालव्याकाठी अत्याचार झाला, त्यांच्याबरोबरचा ओडिशाचा एक तरुण पाण्यात ढकलला गेला आणि गेला. त्यानंतर तिकडे बिननोंदणीच्या होमस्टेंची तपासणी सुरू झाली. घटना घराबाहेर घडली होती, त्यात होमस्टेवाली स्वतःच बळी होती, तरी पहिला प्रश्न परवान्याचाच निघाला. असंच होतं. असं काही आपल्याकडे, जांबोटीच्या रस्त्यावर किंवा कणकुंबीच्या पावसात, न घडो. पण घडलं तर दुसऱ्या दिवशी तुमच्या दाराशी कोण येईल आणि काय मागेल, याचा विचार आज करून ठेवा.

बाहेरच्या शहरांत काय झालं तेही सांगते, कारण त्यातच आपल्या फायद्याची गोष्ट आहे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर 2023 पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीनं घर द्यायचं तर शहराकडे नोंदणी लागते. नोंदणी कुणाला मिळते? जो त्याच घरात राहतो, पाहुणा असताना स्वतः घरात असतो आणि दोनपेक्षा जास्त पाहुणे ठेवत नाही, त्याला. अख्खा फ्लॅट रिकामा करून देणारे हजारोंनी अ‍ॅपवरून गायब झाले. बार्सिलोनानं तर 2024 मध्ये जाहीर करून टाकलं की पर्यटकांना अख्खे फ्लॅट देण्याचे सुमारे दहा हजार परवाने नोव्हेंबर 2028 नंतर पुढे चालू ठेवायचे नाहीत, कारण गावातल्या माणसांना भाड्याची घरं मिळेनाशी झाली. आपलं बेळगाव म्हणजे बार्सिलोना नव्हे, हे मलाही कळतं. पण आरपीडी कॉलेजच्या आसपास विद्यार्थ्यांना खोली शोधून बघा, मग बोलू.

म्हणजे न्यूयॉर्कनं शेवटी रेघ कुठं ओढली? मालक घरात राहतो की नाही, इथं. आपल्याकडेही रेघ तिथंच आहे, ती आधीच ओढलेली आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची होमस्टेची योजना एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा बेड आणि मालक कुटुंबासह त्याच घरात राहणारा, असं म्हणते. कर्नाटक पर्यटन खात्याच्या होमस्टेच्या कल्पनेतही मालकानं तिथं राहणं हीच मुख्य अट. शेजारी गोव्यानं तर पाहुण्यांना खोल्या देणाऱ्यांनी नोंद करायची हा कायदा 1982 सालीच केला. कोकणात आपल्याच मावश्या-आत्या महाराष्ट्र पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहरी योजनेत नाव घालून वर्षानुवर्षं पर्यटकांना घावनं वाढताहेत. त्यांना कुणी अनधिकृत म्हणत नाही.

आपण रेघेच्या योग्य बाजूला उभे आहोत. फक्त उभे आहोत हे दिसत नाही, कारण नोंद नाही.

आता तुमची कारणं. ती मी सगळी ऐकली आहेत, काही लग्नात, काही भाजी मार्केटात, एक तर मयताला गेल्यावर.

पहिलं आणि खरं कारण कागदांचं. नोंदणीला मालकीचा पुरावा लागतो, स्थानिक संस्थेचा ना-हरकत दाखला लागतो, पोलीस पडताळणी लागते, खोल्यांचे आणि संडास-बाथरूमचे फोटो लागतात. यातलं बाकी सगळं जमतं. अडतं ते मालकीच्या पुराव्यावर. आपली निम्मी घरं अजून सासऱ्यांच्या किंवा आजेसासऱ्यांच्या नावावर आहेत. सीटीएस उतारा, म्हणजे सिटी सर्व्हेचा मालकीचा उतारा, काढला की त्यावर अशी नावं निघतात ज्यांचे फोटो देवघराशेजारी हार घालून लावलेले आहेत. वारसा लावायचा राहिला, कारण वारसा लावायचा म्हणजे वाटणीचा विषय काढायचा, आणि वाटणीचा विषय काढायचा म्हणजे पुण्याच्या दिरांना फोन करायचा. दीर गणपतीला येतात, मोदक खातात, विषय निघत नाही, जातात. असं वीस वर्षं चाललेलं असतं.

माझं ऐका, होमस्टेच्या निमित्तानं हे काम करून घ्या. होमस्टे नाही झाला तरी चालेल, वारसा लागू द्या. सामायिक खातं असलं तर बाकीच्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, साधा स्टॅम्प पेपर, दोन साक्षीदार. मी खोल्या चालवते, घरफाळा मी भरते, तुमचा हिस्सा कायम आहे, एवढं स्वच्छ लिहिलं की बहुतेक भाऊ सही करतात. जे करत नाहीत त्यांचा राग होमस्टेवर नसतो, तो जुना असतो. तो तुम्हाला आधीपासून माहीत असतो.

ई-आस्तीचं, म्हणजे महापालिकेत मालमत्तेची ऑनलाइन नोंद करायचं, काम ज्यांचं झालेलं नाही त्यांनी तेही आता करावं. बाँड पेपरवर प्लॉट घेऊन बांधलेली आपली कितीतरी घरं आहेत, विशेषतः गावाच्या कडेला. त्यांना आता बी खाता मिळतो. पण एक गैरसमज आहे तो काढा. बी खाता मिळाला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं नाही, महापालिकेच्या वहीत फाळ्यासाठी तुमची नोंद झाली इतकंच. अशा घराला होमस्टेचा ना-हरकत दाखला मागायला जाण्याआधी चांगल्या माणसाचा सल्ला घ्या. चांगला माणूस म्हणजे ‘साहेबांना मी सांगतो, तुम्ही फक्त एवढे द्या’ म्हणणारा नव्हे. असा एक एजंट आमच्याकडेही येऊन गेला. चहा पाजून पाठवला.

दुसरं कारण लाईट बिलाचं, आणि इथं मी तुमच्या बाजूनं आहे. 2023 पासून राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेत महिन्याला 200 युनिटपर्यंत घरगुती वीज फुकट मिळतेय. नोंदणी केली, मीटर व्यापारी झाला, गृहज्योती गेली, वर फाळाही व्यापारी दरानं आला, तर दोन खोल्यांचं भाडं कुणासाठी कमवायचं? ही भीती खरी आहे. पेशंटच्या आईला रात्री पंखा लावून दिला म्हणून माझं घर दुकान होत नाही. मालक राहत असलेल्या, ठराविक खोल्यांच्या आतल्या नोंदणीकृत होमस्टेला घरगुती मीटर आणि घरगुती फाळा, असं वीज कंपनी हेस्कॉमनं आणि महापालिकेनं लेखी द्यायला हवं. हे मागायला कोण जाणार? बिननोंदणीचा माणूस कुठल्या तोंडानं जाणार? म्हणजे सवलत मिळेल तेव्हा नोंदणी करू म्हणून बसलो, तर सवलत मागायला माणूसच उरत नाही. तीस-चाळीस नोंदणीकृत घरं एका निवेदनावर सही करून उभी राहिली तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. एकटी बाई गेली तर ‘बघू’ मिळतं.

तिसरं कारण कर. हे कारण कमी, सबब जास्त आहे. आपल्यातल्या कुणाची वर्षाची उलाढाल वीस लाखांवर जात असेल तर त्यांनी मला गुपित सांगावं. त्या आत जीएसटीची नोंदणीच लागत नाही. अ‍ॅपवरून बुकिंग घेतलं तर बिननोंदणीच्या छोट्या मालकाचा जीएसटी अ‍ॅपवाल्या कंपनीनं भरायचा असतो, आणि 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के आहे. इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये मिळकत दाखवा. मुलाच्या शिक्षणाच्या कर्जाला तीच उपयोगी पडते.

चौथं कारण भाषेचं. ‘फॉर्म कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत, आम्ही नाही भरत.’ यावर मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत आणि त्या एकमेकींना आडव्या जातात असं वाटलं तरी मी दोन्ही म्हणणार. मराठीतून अर्ज, मराठीतून माहितीपत्रक मिळालं पाहिजे, ही मागणी रास्त आहे. घटनेच्या 350व्या कलमानं राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिलेला आहे. आपलं निवेदन आपण मराठीतच देऊ, वर कन्नड प्रत जोडू. पण तोवर फॉर्म भरायचा नाही, हे मला पटत नाही. तुमची नात शाळेत कन्नड शिकते, तिला जवळ बसवा, अर्ध्या तासात फॉर्म होतो. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत माडीच्या दोन खोल्या अडवून ठेवणार का? पाटीचंही तसंच. 2024 च्या दुरुस्तीनं व्यापारी फलकावर साठ टक्के कन्नड लागतं. आमच्या पाटीवर वर कन्नड आहे, खाली मराठी आहे. बार्शीच्या त्या काकांनी खालची ओळ वाचली आणि बेल वाजवली, माझं काम झालं.

शेजाऱ्यांचं काय, हा प्रश्न कुणी उघड विचारत नाही पण सगळ्यांच्या मनात असतो. ‘त्यांनी लॉज काढलाय’ हे वाक्य आपल्या गल्ल्यांत फार जोरात चालतं. त्यावर सर्टिफिकेट हा एकमेव उपाय नाही, पण बराच चालतो. दारात खात्याचा क्रमांक लावलेला असला की बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो. बाकीचं आपल्या वागण्यावर. पाहुण्यांची गाडी शेजाऱ्याच्या फाटकासमोर लागू देऊ नका, एमएच नंबर असो की जीए. रात्री दहानंतर गच्चीवर कुणाला बसू देऊ नका. टँकर मागवला तर शेजारच्या दोन घागरी भरून द्या. एका तरुण जोडप्याला खोली दिली म्हणून मला बोल लावले गेले. दोघं सज्ञान, दोघांची ओळखपत्रं नोंदवलेली, कायद्यात त्यांना अडवणारं काही नाही. कुणाला ठेवायचं ते आपल्या घरात आपण ठरवावं, शेजाऱ्यांनी नव्हे, आणि जे ठरवू ते सगळ्यांना सारखं लावावं. बॅगेवरून, आडनावावरून, बुरख्यावरून नाही म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांनी नोंदणी केली काय, नाही केली काय.

आता नोंदवहीबद्दल थोडं, कारण यात सगळ्यात जास्त ढिलाई आहे. नोंदणीच्या वेळी अधिकारी तीच बघतात, आणि अडचणीच्या वेळी पोलीसही तीच मागतात. बांधीव वही घ्या, सुटे कागद नकोत. नाव, गाव, फोन, कुठून आले, कुठं निघाले, येण्याची-जाण्याची वेळ, ओळखपत्राचा प्रकार, सही. आधारच्या झेरॉक्सांचे गठ्ठे कपाटात साठवण्याची आपल्याला वाईट सवय आहे. ते रद्दीत जातात, रद्दी भेळवाल्याकडे जाते, आणि कुणाचं तरी आधार भेळेच्या कागदावर फिरतं. शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकलेलं आधार निघतं, ते मागा, नाहीतर मतदान ओळखपत्र किंवा लायसन घ्या. विदेशी पाहुणा उतरला, आणि मलेशियन पालक उतरतातच, तर चोवीस तासांच्या आत त्यांची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. ‘ते एकाच रात्रीसाठी होते’ हे कारण चालत नाही. नियम हॉटेलला आणि तुम्हाला सारखाच आहे. एक अग्निशामक सिलिंडर जिन्यात लावा, तो कसा उघडायचा ते घरातल्या दोघांना तरी येऊ द्या. गॅसची टाकी पाहुण्यांच्या खोलीत ठेवू नका, पेशंटसाठी पेज करायची आहे म्हणाले तरी. पेज आपण करून देऊ.

खानापूर तालुक्यातले कुणी हे वाचत असतील तर त्यांचं गणित थोडं वेगळं आहे. जांबोटी, कणकुंबीकडे ग्रामपंचायत येते, जमीन शेतीची की बिनशेती हा प्रश्न येतो, भीमगड अभयारण्याच्या आसपास वनखातं येतं. शेतात चार तंबू ठोकून त्याला होमस्टे म्हणणं हे होमस्टे नव्हे. पण हलशीचं देऊळ बघायला आलेल्यांना आपल्या जुन्या मातीच्या घरात उतरवून घेणारी, भाकरी-झुणका वाढणारी जी थोडी कुटुंबं तिकडे आहेत, त्यांची नोंद आपल्याआधी व्हायला हवी. पावसाळ्यात धबधब्यांच्या नावानं जी गर्दी होते तिचे पैसे आज कुठं जातात ते तिथल्या लोकांना विचारा.

हे सगळं वाचून ‘नंतर बघू’ म्हणणारे असतील. ऑगस्ट 2025 मध्ये बेंगळूरची वंदे भारत सुरू झाली, येणारी माणसं वाढली, अपार्टमेंटांच्या दारावर नंबरची कुलपंही वाढली. महापालिका उद्या नियम करायला बसली तर समोर दोघंच असतील, मोठे हॉटेलवाले आणि तक्रार करणारे शेजारी. हॉटेलवाले म्हणतील, आम्ही एवढे परवाने काढतो, हे फुकट कमावतात. शेजारी म्हणतील, बंद करा. दोघांचंही काही चुकणार नाही. तिथं तिसरी खुर्ची मागायची तर मागणाऱ्याकडे नोंदणीचा नंबर लागेल.

म्हणून ठरवलंय ते असं. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आमच्या माडीवर, पाहुणे नसतील त्या खोलीत, मी फॉर्म घेऊन बसणार आहे. निवृत्त झालेले एक तलाठी आहेत, ते उतारे बघून देतील. कन्नड लिहायला शेजारची मुलगी आहे, तिला परीक्षेच्या आठवड्यात सोडायचं. फी-बी काही नाही. पत्ता इथं छापत नाही, दुसऱ्या गेटजवळच्या कुठल्याही किराणा दुकानात विचारा, सांगतील. येताना उतारा किंवा ई-आस्तीची प्रत, चालू वर्षाची घरफाळ्याची पावती, लाईट बिल, पासपोर्ट फोटो आणि खोलीचे दिवसा काढलेले फोटो आणा. सामायिक खातं असेल तर दिरांना, भावांनाही घेऊन या. वाद घालायचा तर वर खोलीत घाला, जिन्यात नको. खालच्या खोलीत पेशंट झोपलेला असतो.

आपली,
टिळकवाडीतली एक घरमालकीण